न भरणाऱ्या जखमेची तारीख लिहा: जखम सर्वांत आधी पाहणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
फॅमिली डॉक्टर, दंतवैद्य, ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिका आणि औषधाच्या दुकानातले फार्मासिस्ट,

सप्रेम नमस्कार.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ओळखणारा डॉक्टर. रुग्ण मला सहसा भेटत नाही. माझ्यापर्यंत येतो तो बाटलीतला त्याचा तुकडा आणि सोबतचा फॉर्म. त्या फॉर्मवर 'किती दिवसांपासून' असा एक रकाना असतो. जिभेवरच्या किंवा पायावरच्या व्रणाचा तुकडा येतो आणि त्या रकान्यात 'पाच महिने', 'वर्षभर' असं काही लिहिलेलं असतं, तेव्हा स्लाइड पाहण्याआधीच मन खट्टू होतं. कारण मधल्या काळात रुग्ण काही घरी बसून राहिलेला नसतो. तो तुमच्यापैकी कुणाकडे तरी जाऊन आलेला असतो, बहुधा दोघा-तिघांकडे. जेल लावून झालेलं असतं, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झालेल्या असतात, अँटिबायोटिकचा एक कोर्स झालेला असतो, मग दुसऱ्या कंपनीचं जेल.

कुणावर ठपका ठेवायला मी हे लिहीत नाही. त्यातली एकेक भेट सुटी पाहिली तर कुणाचंच फारसं चुकलेलं नसतं. तोंडात जखम झाली म्हणून येणाऱ्या बहुतेकांना साधं तोंड आलेलं असतं, आणि पहिल्या भेटीत जेल देणं हेच योग्य. घोळ होतो तो बेरजेत. पहिल्याने काय दिलं ते दुसऱ्याला ठाऊक नसतं, दुसऱ्याच्या लेखी रुग्ण नवाच असतो, आणि जखमेचं वय प्रत्येक ठिकाणी पुन्हा शून्यापासून मोजलं जातं. म्हणून माझी मागणी एवढीच आहे: जखम पहिल्यांदा कधी दिसली ती तारीख विचारा, चिठ्ठीवर ठळक लिहा, आणि तोंडातल्या जखमेला तीन आठवडे उलटले असतील तर तिच्यावर आणखी काही लावण्याआधी, तिचा तुकडा घेऊ शकेल अशा माणसाकडे रुग्णाला पाठवा.

तीनच आठवडे का? तोंडाच्या आतलं अस्तर भराभर नवं होत असतं. साध्या छाल्याला भरून यायला एवढा वेळ पुरतो. नेहमीचा छाला, म्हणजे अ‍ॅफ्थस अल्सर, एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतो. गोल किंवा लंबगोल, मध्ये पिवळसर पांढरा, भोवती लाल कडं. सात ते चौदा दिवसांत तो मागे खूण न ठेवता जातो. याचाच मोठा प्रकार मात्र सेंटिमीटरच्या पुढे जातो, खोल असतो आणि सहा आठवडेसुद्धा रेंगाळतो. म्हणजे तीन आठवडे टिकला की तो कर्करोगच, असं मुळीच नाही. एवढंच की त्यापुढे 'साधाच असेल' असं गृहीत धरून चालत नाही. ब्रिटनमधली नाइस ही संस्था डॉक्टरांना हीच मर्यादा सांगते: तोंडात कारण न सापडलेला व्रण तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर कर्करोगाचा संशय धरून पुढे पाठवण्याचा विचार करा. काही दंतवैद्य दोनच आठवडे मोजतात. मला दोनही चालतील.

ज्यांना वर्षातून चार-सहा वेळा तोंड येतं त्यांना एक प्रश्न आवर्जून विचारा: दरवेळी जागा तीच असते की बदलते? छाले जागा बदलतात, येतात आणि जातात. आज गालाच्या आत, पुढच्या खेपेला ओठाच्या आत. कर्करोग एका जागी ठाण मांडतो. 'मला नेहमीच तोंड येतं' असं म्हणणाऱ्या माणसाच्या जिभेच्या कडेला एकच जखम दोन महिने असेल, तर त्याच्या जुन्या सवयीचा दाखला इथे लागू पडत नाही. उलट त्या सवयीमुळेच तो आणि तुम्ही दोघंही गाफील राहता.

आता दुखण्याबद्दल. 'दुखत नव्हतं म्हणून आलो नाही' हे वाक्य तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. छोटासा छाला माणसाला रडकुंडीला आणतो, घास गिळू देत नाही, आणि तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुतेक वेळा मुकाट्याने वाढतो. तो दुखू लागतो तो जंतुसंसर्ग झाल्यावर किंवा मज्जातंतूपर्यंत पोचल्यावर, कधी कधी ठणका कानात जाणवतो. त्यामुळे फार दुखणाऱ्या जखमेला घाबरणं आणि न दुखणारीला माफ करणं ही आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली रीत उलटी करायला हवी. अर्थात हाही पक्का नियम नव्हे. उपदंशाचा, म्हणजे सिफिलिसचा, पहिला व्रण दुखत नाही, हाताला टणक लागतो आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतोही. दुसरीकडे काही कर्करोग पहिल्यापासून दुखतात.

दुखण्यापेक्षा बोट जास्त सांगतं. हातमोजा घाला आणि जखम दाबून पाहा. हे मला पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण फॉर्मवर व्रणाचा रंग असतो, आकार असतो, पण हाताला कसा लागला ते क्वचितच लिहिलेलं असतं. साधा छाला आणि त्याच्या आसपासची जागा मऊ लागते. कर्करोगाच्या पेशी मात्र खालच्या थरांत मुळं रोवतात, आणि त्यांच्याभोवती शरीर तंतुमय ऊती साठवतं. त्यामुळे तळ आणि कडा घट्ट होतात. नाकाचा शेंडा आणि कपाळ दाबून पाहा: शेंड्याइतकी घट्ट लागली तर जखमेकडे लक्ष द्या, कपाळासारखी टणक लागली तर तीन आठवड्यांचीही वाट पाहू नका. जखम खालच्या भागावर सरकते की चिकटलेली आहे तेही पाहा. मग जबड्याखाली आणि मानेत गाठ चाचपा. संसर्गाची गाठ दुखरी आणि मऊसर असते; न दुखणारी, टणक, न हलणारी गाठ वेगळी गोष्ट सांगते.

कडांचे पाच प्रकार विद्यार्थिदशेत आपण सगळ्यांनी घोकले, आणि परीक्षा झाली की विसरलो. त्यामागचं कारण समजलं तर ते घोकावे लागत नाहीत. भरत आलेल्या जखमेची कड उतरती असते, कारण नवी त्वचा बाहेरून आत सरकत असते. क्षयाच्या व्रणात कातडीखालचा भाग कातडीपेक्षा आधी कुजतो, म्हणून कड खालून पोखरलेली. संवेदना गेलेल्या तळपायावरच्या व्रणात सगळे थर एकदमच मरतात, म्हणून कड छिन्नीने कापल्यासारखी सरळ. बेसल सेल या त्वचेच्या कर्करोगाची कड उंचावलेली, मोत्यासारखी चकाकणारी, आणि तिच्यावर बारीक रक्तवाहिन्या दिसतात, कारण पेशी मध्यभागी झडत असताना कडेने हळूहळू वाढतच असतात. आणि स्क्वॅमस सेल, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींच्या, कर्करोगात कडेची वाढ इतकी जोरात असते की ती बाहेर उलथते. तोंडातले बहुतांश कर्करोग याच जातीचे.

तोंड तपासताना जीभ बाहेर काढायला सांगून वरून बॅटरी मारणं पुरेसं नाही. जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा या कर्करोगाच्या आवडत्या जागा आहेत, आणि नेमक्या त्याच दिसत नाहीत. गॉझच्या तुकड्याने जिभेचं टोक धरा, ती एका बाजूला ओढा, मग दुसऱ्या. कवळी असेल तर काढायला लावा. एवढ्याने काय होणार असं वाटत असेल तर केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेली मोठी चाचणी आठवा. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी ठरावीक काळाने नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, आणि तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ना महागडं यंत्र, ना रक्ताची तपासणी. जगात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण सापडतात. ही जागा आ वासला की दिसते, आणि तरीही त्यातले कितीतरी जण उशिरा सापडतात, याचं मला कोडं वाटत आलं आहे.

दंतवैद्यांशी दोन शब्द वेगळे. धारदार दात हा जखमेचा सगळ्यात सोपा आरोपी. जिभेला जखम, समोर तुटकी दाढ. खटला तिथेच निकाली निघतो. दात घासून गुळगुळीत करा, कवळी नीट करून द्या, पण त्याच वेळी दोन आठवड्यांनंतरची भेट लिहून द्या. जखम दातामुळेच असेल तर ती तोवर भरेल किंवा निदान ठळकपणे लहान होईल. नाही झाली तर आरोपी दुसरा आहे. वाढलेली गाठसुद्धा दाताला घासून सोलवटते, हे विसरू नका. दुसरं म्हणजे दाढ काढल्यावर न भरणारा खड्डा. हिरड्यांचा आजार नसताना एकटीच दाढ हलू लागली होती, ती काढली, आणि आठवड्यांमागून आठवडे खड्ड्यातून मांसल काहीतरी वर येतंय, असा रुग्ण असेल तर दाढ हलत का होती हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

फार्मासिस्ट मित्रांनो, तुमच्याकडे डॉक्टरकडे नसलेली एक गोष्ट आहे. तेच जेल तिसऱ्यांदा मागायला आलेला माणूस तुम्हालाच दिसतो. त्याला फक्त 'किती दिवस झाले?' एवढं विचारा. आणि तो आणखी कुठली औषधं घेतो तेही विचारा, कारण काही जखमा औषधांनीच होतात. हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या निकोरँडिलने तोंडात खोल, हट्टी व्रण होतात आणि गोळी थांबवेपर्यंत भरत नाहीत. मात्र ती थांबवायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याचं तोंड अचानक सोलवटलं तर तो आठवड्याची गोळी चुकून रोज घेत तर नाही ना, हे त्याच क्षणी पाहा. तिथे तीन आठवडे सोडाच, तीन दिवसही थांबता येत नाही.

उशिराचा जुना दाखला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांचा आहे. १८८४ च्या उन्हाळ्यात पीच खाताना त्यांच्या घशात तीव्र कळ आली. एका डॉक्टरने घसा पाहिला आणि स्वतःच्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवा म्हणून बजावलं. ते डॉक्टर युरोपात होते. ग्रँट थांबले, आणि तज्ज्ञापर्यंत पोचायला ऑक्टोबर उजाडला. २३ जुलै १८८५ रोजी ते घशाच्या कर्करोगाने गेले. त्यानंतर आठ वर्षांनी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्या टाळूवर खरखरीत व्रण दिसला. या वेळी कुणी थांबलं नाही. १ जुलै १८९३ रोजी एका नौकेवर गुपचूप शस्त्रक्रिया झाली, आणि क्लीव्हलँड पुढे पंधरा वर्षं जगले. या दोन गोष्टी शेजारी ठेवून 'लवकर आला तो वाचला' म्हणण्याचा मोह होतो, पण ते पुरतं खरं नाही. क्लीव्हलँड यांचा जपून ठेवलेला तुकडा पुढे विसाव्या शतकात पुन्हा तपासला, तेव्हा तो व्हेरुकस कार्सिनोमा निघाला. हा प्रकार संथ वाढतो आणि सहसा पसरत नाही. ग्रँट यांचा रोग तसा नव्हता, आणि त्या काळात लवकर येऊनही त्यांच्यासाठी फारसं काही करता आलं असतं की नाही, शंकाच आहे. आज करता येतं, हा फरक. दोन सेंटिमीटरच्या आतला, फार खोल न गेलेला जिभेचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढून टाकल्यावर बहुतेक माणसं बोलत-जेवत पुढचं आयुष्य जगतात.

पोटातल्या अल्सरबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण बरं वाटणं आणि बरं होणं यांतली गफलत तिथे सगळ्यात जास्त होते. ड्युओडेनममधला, म्हणजे जठराच्या पुढच्या आतड्यातला अल्सर जवळजवळ कधीच कर्करोगाचा नसतो. जठरातला मात्र असू शकतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी दोन्हींची जळजळ थांबते. एवढंच नव्हे, कर्करोगाच्या व्रणावरचं अस्तरसुद्धा काही काळ भरून आल्यासारखं दिसतं आणि खाली रोग वाढत राहतो. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ साली जठरात राहून अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूंचं मिश्रण स्वतः पिऊन दाखवलं, पुढे २००५ साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं, आणि अल्सर म्हणजे अँटिबायोटिकने बरा होणारा आजार अशी आपली समजूत पक्की झाली. समजूत बरोबरच आहे. पण त्याच जंतूला १९९४ साली कर्करोगकारक म्हणूनही जाहीर केलं गेलं, हे मागे पडतं. म्हणून जठराचा अल्सर दिसला की दुर्बिणीतून तुकडे घ्यायचे, आणि उपचारांनंतर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून तो खरोखर भरला का ते पाहायचं. तुकडे म्हणजे एक नव्हे. एकाच तुकड्यावर भिस्त ठेवली तर दहातले साधारण तीन कर्करोग निसटतात. सात घेतले तर जवळजवळ सगळे सापडतात. वजन घटणाऱ्या, उतारवयातल्या रुग्णाला नुसत्या गोळ्या वाढवून देत राहणं म्हणजे तोंडातल्या जखमेवर जेल चोपडत राहण्याचाच प्रकार.

हीच फसवणूक त्वचेवर स्टेरॉइड मलमाने होते. १८७४ साली इंग्रज सर्जन जेम्स पॅजेट यांनी स्तनाग्रावरच्या इसबासारख्या दिसणाऱ्या विकाराचं वर्णन केलं. आज त्याला त्यांचंच नाव आहे, आणि बहुतेक रुग्णांच्या स्तनात आत कर्करोग सापडतो. मलमाने लाली उतरते, खाज थांबते, महिने जातात. इसब बहुधा दोन्ही बाजूंना आणि भोवतालच्या काळसर भागावर सुरू होतं. पॅजेटचा विकार एकाच बाजूला, स्तनाग्रापासूनच. एका बाजूचं, मलमाला न जुमानणारं 'इसब' दिसलं की मलम बंद करून पुढे पाठवा.

चेहऱ्यावरच्या बेसल सेल व्रणाचं वर्णन डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी १८२७ सालीच केलं होतं. तो रक्ताळतो, खपली धरतो, खपली पडते, बरा झाल्यासारखा वाटतो, मग त्याच जागी पुन्हा उघडतो. 'दाढी करताना कापतं' हे कारण रुग्ण वर्षानुवर्षं सांगत राहतो. तो दूरवर क्वचितच पसरतो, पण नाक आणि पापणी खाऊन टाकतो.

परिचारिकांनो, पायावरच्या जुन्या जखमा तुमच्याइतक्या जवळून कुणीच पाहत नाही. डॉक्टर महिन्यातून एकदा पट्टी उघडतो, तुम्ही रोज. शिरांच्या आजाराने झालेला व्रण भरायला वेळ लागतो हे मान्यच. इथे तीन आठवड्यांचा हिशेब चालत नाही. पण नीट दाबपट्टी बांधूनही तीन महिन्यांत जो लहान होत नाही, ज्याची एक कड अचानक वर येऊ लागते, ज्यातून लालसर मांस फुलकोबीसारखं वाढतं, स्पर्श केला तरी रक्त येतं, वास बदलतो, त्याबद्दल डॉक्टरांना थेट सांगा की तुकडा घ्या. भाजल्याच्या जुन्या खुणेवर उघडलेली जखम तर विशेष. फ्रेंच सर्जन मार्जोलिन यांनी १८२८ साली अशा व्रणांचं वर्णन केलं, पण तो कर्करोग असतो हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. भाजणं आणि कर्करोग यांत सरासरी तीसेक वर्षांचं अंतर असतं. लहानपणी भाजलेल्या माणसाला दोन्हींचा संबंध सुचतसुद्धा नाही. तुम्ही विचारलंत तरच तो सांगेल.

शेवटी माझ्या कामाबद्दल, म्हणजे बायोप्सीबद्दल. 'सुई लावली की पसरतो' ही भीती रुग्णाला असते, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरांनाही. तोंडातल्या किंवा पायावरच्या संशयास्पद व्रणाची नीट घेतलेली बायोप्सी रोग पसरवत नाही. उशीर मात्र रोगाला पसरायला सवड देतो. तुकडा मधून घेऊ नका. तिथे सडलेला भाग आणि पू असतो, आणि मला 'निदान करता येत नाही' असं लिहावं लागतं. कडेचा घ्या, शेजारची थोडी निरोगी जागा त्यात येऊ द्या, आणि खोल घ्या. वरवरचा पातळ पापुद्रा आला तर पेशी खाली शिरल्या आहेत की नुसत्या जाड झाल्या आहेत हे सांगता येत नाही. जुनाट जखमेच्या कडेला निरुपद्रवी जाडी इतकी वाढते की ती हुबेहूब कर्करोगासारखी दिसते. दोन्हींतला फरक खोलीतच कळतो. चिमट्याने चिरडू नका.

आणि माझा रिपोर्ट पूर्ण वाचा. 'जुनाट दाह, कर्करोग दिसत नाही' असं मी लिहितो, तेव्हा ते त्या तुकड्यापुरतं असतं. कडा टणक आहेत, जखम वाढते आहे आणि रिपोर्ट निर्धोक आहे, असं झालं तर तुमच्या बोटावर विश्वास ठेवा, मला फोन करा आणि दुसरा तुकडा पाठवा. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

फॉर्मवर जागा नेमकी लिहा: 'जीभ' नव्हे, 'जिभेची डावी कड, मागचा एक तृतीयांश भाग'. पहिल्यांदा दिसल्याची तारीख, आकार मिलिमीटरमध्ये, हाताला मऊ की टणक, मानेत गाठ आहे की नाही, तंबाखू, सुपारी किंवा मद्य किती वर्षं, आधी काय काय लावलं, यातलं स्टेरॉइड कोणतं. जमलं तर मोबाइलवरचा फोटो जोडा. तुकडा सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये नको. दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाका, तुकड्याच्या निदान दहापट, आणि रुग्णाचं नाव झाकणावर नव्हे, बाटलीवर लिहा, कारण झाकणं बदलतात.

आपला,
एक पॅथॉलॉजिस्ट